बिनवेसणीचं अस्वल

हुसेनसाब दरवेशाचं अस्वल मरून सात महिने झाले होते, आणि मैंदर्गीचा गुरप्पा कोतवाल भर उन्हात त्याच्या पुढ्यात उभा राहून सांगत होता की तुमचं अस्वल सुटलंय, चला, घेऊन जा.

हुसेनसाब तेव्हा खडी फोडत होता. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं आणि अक्कलकोट तालुक्यातलं निम्मं माणूस दुष्काळी कामावर रस्त्याच्या कडेला दगडावर हातोडा मारत बसलं होतं. ज्या हातानं सोळा वर्षं डुगडुगी वाजवली त्या हाताला आता घट्टे पडले होते. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं.

"गुरप्पा, माझी चमेली मेली की. बोरी नदीच्या काठाला माझ्या हातानं पुरलीय तिला."

"मेली म्हंता. मग ह्ये कुणाचं?"

"मला काय म्हाईत?"

"असं कसं ओ? अस्वल हाय म्हंजे दरवेशी असणारच की. आन् ह्या तालुक्यात दरवेशी तुमी एकलेच. बर्री, चला आता, हिंदुराव आण्णा वाट बघायलेत."

गुरप्पाची तरी काय चूक म्हणा. मैंदर्गीत जन्माला आलेल्या माणसानं आजवर जे अस्वल पाहिलं ते दोरीच्या टोकाला पाहिलं होतं, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला दरवेशी पाहिला होता. अस्वल दारात यायचं, दोन पायांवर उभं राहायचं, सलाम करायचं. आया लेकरांना त्याच्या पाठीवर बसवून त्यांचं भ्या घालवायच्या, ताईतात घालायला केस मागून घ्यायच्या, आणि अस्वल भाकरी खाऊन पुढच्या गल्लीला जायचं. बिनधन्याचं कुत्रं असतं, बिनधन्याची गाढवं तर बाजारात ढीगभर. पण बिनधन्याचं अस्वल असतं हे त्या गावात कुणाच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. हुसेनसाब गुरप्पाच्या मागं निघाला तो अस्वलासाठी नव्हे. खडीपेक्षा काहीही बरं म्हणून, जुनी डुगडुगी आणि चमेलीची दोरी काखेला मारून निघाला.

हिंदुरावाचं घर गावाच्या कडेला. माणूस सोलापुरात गिरणीत नोकरी करून परत आलेला, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, बोलणं मात्र अजून गिरणीतल्या भोंग्यासारखं. घर बांधताना मुरूम काढला त्याचा परसात मोठा खड्डा झाला होता. विहिरीला जिवंत झरा होता म्हणून त्यानं तो खड्डा भरून घेतला, बांध घातला आणि त्यात मासे सोडले. कटला सोडले, मरळ सोडली. माळकऱ्यानं मासे कशाला पाळावेत असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "माशांस्नी पिठाच्या गोळ्या घालणं लई पुण्याचं असतं." मथुराबाई, त्याची बायको, रोज सकाळी ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या करून पाण्यात टाकायची. मासे तिच्या बांगड्यांच्या आवाजावर काठाला यायचे. त्यातल्या एकीला, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या मरळीला, तिनं ठकी असं नाव ठेवलं होतं. ती मरळ गेल्या आठवड्यात दिसेनाशी झाली होती.

"बावीस मासं खाल्लं तुझ्या अस्वलानं," हिंदुराव म्हणाला. "म्हैन्यात बावीस."

"आण्णा, अस्वल माझं न्हाय, आणि अस्वल मासं खात न्हाय."

"तुला काय ठावं?"

"चमेली सोळा वर्सं माझ्या भाकरीतली भाकरी खात हुती. बोरं खायची, गूळ खायची, वारुळं फोडून वाळवी खायची. एकदा मी सुकट खाल्ली तर दोन दिवस माझ्या बाजूला तोंड केलं न्हाय तिनं."

हिंदुरावानं माळेला हात लावला आणि दुसरीकडं बघितलं. मथुराबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती, तिचं सूप क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं.

मग हुसेनसाबला कळलं की गावानं ह्या अस्वलाबरोबर महिनाभर काय काय केलं होतं, आणि त्या उन्हातही त्याच्या अंगावर काटा आला. गुरप्पानं त्याच्या पाठीवर थाप मारून "चल हो घरला" म्हणून पाहिलं होतं. त्यानं धुणं तुडवलं म्हणून शेजारच्या रंभाबाईनं केरसुणीनं त्याच्या ढुंगणावर दोन हाणल्या होत्या. कुणीतरी त्याच्यापुढं भाकरी आणि झुणका ठेवला होता. आणि परवा एका सुनेनं तीन महिन्यांचं लेकरू नेऊन त्याच्या तोंडापुढं धरलं होतं, भ्या जावं म्हणून.

"अहो, ते जंगली हाय," हुसेनसाब म्हणाला. "खालच्या कर्नाटकातल्या डोंगरातनं पाण्याच्या वासानं आलं आसंल. एक पंजा मारला तर माणसाचं तोंड जागेवर ऱ्हात न्हाय."

लोक हसले. रंभाबाई तर पदर तोंडाला लावून हसली. दरवेशी माशांची भरपाई टाळायला बघतोय, असंच सगळ्यांना वाटलं. ह्या गावात खरं बोलणाऱ्याची पत पहिल्यापासून कमीच.

दिवस कलला तसं ते आलं. बाभळीच्या आडनं, मान खाली घालून, सासरी निघालेल्या पोरीगत रेंगाळत. हुसेनसाब बांधापासून पंधरा हातांवर उभा होता आणि त्याच्या मागं निम्मं गाव लग्नाला जमल्यासारखं. अस्वल पाण्यात उतरलं, पोटापर्यंत बसलं आणि त्यानं असा सुस्कारा टाकला की माणूस असता तर कुणीतरी चहा आणून दिला असता. मासे त्याच्या पायांशी घुटमळत होते. त्यानं त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर ते बांधावर चढलं, नखांनी वारूळ उकरलं आणि नाक आत घालून फुर्रर्र फुर्रर्र करत वाळवी ओढू लागलं.

हुसेनसाब त्याच्या नाकाकडं बघत राहिला. नाकाला भोक नव्हतं. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्यानं मोठ्या अस्वलाचं धड नाक पाहिलं नव्हतं. चमेली चार महिन्यांची असताना त्यानंच तापल्या दाभणानं तिचं नाक टोचलं होतं, त्याच्या बापानं तिला गुडघ्याखाली दाबून धरलं होतं. ती जी ओरडली ते ओरडणं त्यानं त्या दिवशी ऐकलं आणि मग सोळा वर्षं ऐकायचं टाळलं. आज इतक्या वर्षांनी ते परत कानात आलं. त्याला लाज वाटली. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

तो नकळत मागं सरला. काखेतली डुगडुगी सुटली, दगडावर पडली आणि खडखड वाजली. अस्वलानं नाक वर काढलं आणि हा कसला आवाज म्हणून दोन पायांवर उभं राहिलं.

मागं टाळ्या पडल्या.

"बघा, कसा सलाम केला धन्याला," रंभाबाई म्हणाली.

"आता बोला हुसेनसाब," गुरप्पा म्हणाला. "माझं न्हाय म्हंत हुता की."

अस्वल खाली झालं, वळलं आणि बाभळीत निघून गेलं. हुसेनसाबनं वाकून डुगडुगी उचलली. डुगडुगी उचलली म्हणजे कबुलीच.

तिथंच हिंदुरावानं निकाल दिला. बाजाराच्या दिवसाला चार दिवस होते. तोवर हुसेनसाबनं त्याला वेसण घालावी आणि गावाबाहेर न्यावं. नाहीतर रिटायर फौजदार महादेवप्पा आपली बंदूक घेऊन येतील. महादेवप्पा बाजूलाच उभे होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. नोकरीत त्यांना एकदाही गोळी झाडायला मिळाली नव्हती, आणि ती खंत त्यांच्या तोंडावर साफ दिसत होती.

हुसेनसाबची झोपायची सोय तळ्याशेजारच्या गोठ्यात केली. गोठ्यात म्हैस नव्हती, ती चाऱ्याअभावी छावणीत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कडब्याच्या गंजीमागं अंग टाकायला गेला आणि पायाला काहीतरी टोचलं. काटा होता. बाभळीचा नव्हे, माशाचा. त्यानं कडबा बाजूला सारला. तीन दगडांची चूल, एक काळा तवा, तेलाची बाटली, तिखटमिठाची पुडी. आणि काट्यांचा हा ढीग.

तो ढीग बघत असतानाच पावलं वाजली. हुसेनसाब गंजीआड दबला. हिंदुराव आला, धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली वीतभर मरळ घेऊन. त्यानं आधी दार लोटलं. मग गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि खुंटीला अडकवली. खुंटीवर माळ हलायची थांबेपर्यंत तो हात जोडून उभा राहिला. मग चूल पेटवायला बसला.

मरळ निम्मी खाऊन झाल्यावर हुसेनसाब खोकला.

हिंदुराव उठला नाही, ओरडला नाही. त्यानं तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "माळ खुंटीला हाय."

"दिसतीया."

"माळ गळ्यात असताना मी कंदी खाल्लं न्हाय. ह्ये जेवतोय त्यो माळकरी न्हवं."

"मग कोण?"

"हिंदुराव." त्यानं ते इतक्या गंभीरपणे सांगितलं की हुसेनसाबला क्षणभर पटलंच.

मग तो माणूस रडायलाच लागला, हाताला तेल, मिशीला मीठ आणि डोळ्यांतून धारा. मथुराबाईला दोन वर्षांमागं टायफॉईड झाला होता. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली होती. वॉर्डाबाहेर फरशीवर बसून हिंदुरावानं बोललं होतं, ही वाचू दे, माळ घालीन, मासं खायचं सोडीन. ती वाचली. त्यानं माळ घातली. दीड वर्ष त्यानं वाळका बोंबीलसुद्धा हुंगला नाही. मग स्वप्नात मासे यायला लागले. नुसतं बघून मन भरेल म्हणून तळं केलं, आणि बघून का मन भरतंय होय?

"तिला कळलं तर काय व्हईल?" हुसेनसाबनं विचारलं.

"नवस मोडला म्हणून ती..." हिंदुरावानं खुंटीवरल्या माळेकडं बघितलं. "ती जगलीया त्या माळेवर. म्हणून ते अस्वलानं खाल्लं पायजे. समजलं का? बावीसच्या बावीस अस्वलानंच खाल्लं पायजेत. आन् एकदा ते मेलं की इचारायचं कुणी?"

"म्हणजे तुमच्या जिभेपायी ते मरणार."

"जनावर हाय ते, हुसेनसाब."

पायाला टोचलेला काटा बोटांत फिरवत हुसेनसाबनं हिशेब मांडला. गावाला सांगून उपयोग नव्हता, गाव त्याच्या खरं बोलण्यावर हसत होतं. मथुराबाईला सांगितलं तर हा माणूस खचून मरेल. आणि न सांगितलं तर ते धड नाक महादेवप्पाच्या बंदुकीपुढं जाईल. एका बाजूनं आड, दुसऱ्या बाजूनं विहीर, आणि मधे आपला बिनअस्वलाचा दरवेशी.

"बरं," तो अखेर म्हणाला. "अस्वल माझं. बावीस मासं त्यानंच खाल्लं. बाजाराच्या दिवशी मी घेऊन जातो त्याला. पर त्या दिवसानंतर तळ्यातला एक मासा कमी झाला तर कुणाचं नाव घ्यायचं, ते आत्ताच ठरवा."

हिंदुरावानं विचार केला, आणि विचार करता करता त्याचं तोंड उतरत गेलं. त्यानं उरलेल्या अर्ध्या मरळीकडं बघितलं.

त्यानंतरचे दोन दिवस हुसेनसाब सकाळी खोरं घेऊन जायचा आणि दिवस चढल्यावर यायचा. बोरीचं पात्र कोरडं ठक्क होतं, पण वाळूखाली ओल होती. चमेलीला पुरलं होतं त्या वळणाला, जिथं काठाला चार वारुळं होती, तिथं त्यानं पुरुषभर झिरा खणला. दुसऱ्या दिवशी त्यात गुडघाभर पाणी जमलं. एका बाजूनं त्यानं जनावर उतरेल असा उतार केला. मग गावात येऊन हिंदुरावाच्या तळ्याला चारी बाजूंनी बाभळीच्या काटेरी फांद्या लावल्या. त्या सांजेला अस्वल आलं, काट्यांशी थबकलं, नाक वर करून वारा हुंगला आणि बोरीच्या अंगानं चालू लागलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी अख्खं गाव हिंदुरावाच्या दारात. हुसेनसाब बाहेर आला, डोक्याला धुतलेलं फडकं, हातात चमेलीची दोरी. दोरीचं एक टोक त्याच्या मुठीत होतं आणि दुसरं टोक जमिनीवर लोंबत होतं.

"अस्वल कुटाय?" महादेवप्पांनी विचारलं. बंदूक खांद्याला होतीच.

"येतंय की मागनं," हुसेनसाब म्हणाला. "नवी वेसण हाय, नाक दुखतंय त्याचं, माणसाला बुजलंय. मी म्होरं चालणार, ते बाभळीतनं मागनं येणार. कुणी मागं वळून बघायचं न्हाय. बघितलं की ते परत तळ्याला पळणार, मग मी जबाबदार न्हाय."

दुसऱ्या कुठल्या गावानं त्याला खुळ्यात काढलं असतं. पण मैंदर्गीच्या लोकांना दोरी दिसत होती आणि दरवेशी दिसत होता. तिघांतले दोन हजर असले की तिसऱ्याचं काय, ते येतंच. हलगीवाला पुढं झाला. वरात निघाली. सगळं गाव माना ताठ करून समोर बघत चाललं, आणि हुसेनसाबच्या मागं एका अस्वलापुरती जागा मोकळी सोडली. कुणाचं पोर त्या जागेत शिरलं तर गुरप्पा त्याला कान धरून बाहेर काढत होता. "अरे, तुडवशील की त्याला," म्हणत होता.

"वास येतोय बघा," रंभाबाई कुजबुजली.

"लंगडतंय जरा," गुरप्पा म्हणाला. तोही समोरच बघत होता.

शिवेवर हलगी थांबली. महादेवप्पांनी त्या मोकळ्या जागेला, आपली जुनी सवय म्हणून, कडक सलाम ठोकला. हिंदुराव माळ चाचपत कडेला उभा होता. मथुराबाई पुढं आली. तिच्या हातात खण, नारळ आणि फडक्यात बांधलेली शिदोरी होती. माहेरवाशिणीची ओटी भरल्याशिवाय तिला जाऊ देत नाहीत, आणि अस्वल चार आठवडे ह्याच गावाचं पाणी प्यालं होतं. तिनं दोरीच्या टोकाला हळदकुंकू लावलं. मग शिदोरी हुसेनसाबच्या हातात देताना ती इतकं हळू बोलली की फक्त त्यालाच ऐकू गेलं.

"हुसेनभाई, अस्वल मासं खात न्हाय, मला ठावं हाय."

हुसेनसाबनं तिच्याकडं बघितलं.

"गोठ्यात झाडायला मीच जाते की. काटं मीच भरते. पुन्ना पडत्यात, पुन्ना भरते. तुमच्यासाठी थोडं ठिवलं हुतं, तुमास्नी कळावं म्हणून." ती जराशी हसली. "त्यांस्नी वाटतंय माळेमुळं मी जगले. मी डाक्टरांच्या सुईनं जगले. पर ते म्हातारं फरशीवर बसून रडत हुतं ते मी काचंतनं बघितलंय. मग कसं बोलायचं?"

"ठकीचं वाईट वाटलं आसंल तुमाला."

"लई वाटलं." तिनं डोळे पुसले. "अस्वलाला न्यायाला दरवेशी तरी आला. आमच्या ह्यास्नी कोण नेणार? ऱ्हाऊ दे. माझ्याच दारात ऱ्हाऊ दे."

ती मागं फिरली. गाव परतलं. परततानाही कुणी मागं बघितलं नाही, दिल्या शब्दाला लोक पक्के.

दिवस कलताना हुसेनसाब बोरीच्या वळणाला चमेलीच्या दगडाशी बसला होता. त्यानं शिदोरी सोडली. भाकरी, शेंगाची चटणी, गुळाचा खडा, आणि तळाला पानात गुंडाळलेला तळलेल्या मरळीचा तुकडा. म्हणजे हिंदुरावानं गोठ्यात लपवलेला शेवटचा तुकडा मथुराबाईनंच उचलून बांधला होता, आणि आज दुपारी त्याचा तवा रिकामाच होता. हुसेनसाबला हसू आलं आणि मग कितीतरी वेळ आवरेना.

अस्वल आलं तेव्हा तो हसायचा थांबला. त्यानं मरळीचा तुकडा पानासकट उतारावर सरकवला आणि स्वतः दहा हात मागं सरून बसला. एकदा खात्री करून घ्यावी म्हणून. अस्वलानं नाक पुढं केलं, तुकडा हुंगला, एक मोठी शिंक दिली आणि पानाला वळसा घालून पाण्यात उतरलं. सगळं नाक पाण्यात बुडवून ते प्यायला लागलं. त्याच्या नाकातून पाण्यावर बुडबुडे येत होते. हुसेनसाबनं दगडावर हात ठेवला आणि चमेलीची माफी मागितली, मोठ्यानं, माणसाला म्हणावं तशी.

अस्वल गेल्यावर त्यानं पान उचललं आणि तो तुकडा खाल्ला. तिखट जरा जास्तच झालं होतं. मग त्यानं दोरीच्या हळदकुंकू लावलेल्या टोकाला डालड्याचा रिकामा डबा बांधला आणि झिऱ्यातनं स्वतःसाठी पाणी काढलं.